नागपूर–मुंबई विमान दीड तासाचं, मग माझा दिवस कुठे गेला?



मागच्या रविवारच्या बॅचमध्ये वर्ध्याच्या एका ताईंनी प्रश्न विचारला. त्या घरातूनच इमिटेशन ज्वेलरी विकतात आणि आता गाळा घ्यायच्या विचारात आहेत. त्या म्हणाल्या, "सर, नागपूर-मुंबई विमान दीड तासाचं आहे. सकाळी जायचं, माल घ्यायचा, संध्याकाळी परत. ट्रेनमध्ये चौदा तास कशाला घालवायचे?"

सगळ्या बॅचने माना डोलावल्या. मीही एकेकाळी अशीच मान डोलावली होती आणि त्याचे पैसे भरले होते. व्हिडिओत मी याचं उत्तर फळ्यावर लिहून दिलं, पण आकडे नीट दिसले नाहीत असं बऱ्याच जणांनी कळवलं. म्हणून इथे सगळा हिशोब सावकाश मांडतो. चहा घेऊन बसा.

आधी माझी फजिती.

२०१९ चा लग्नाचा सीझन. माझं दुकान नागपूरला महाल भागात, धंदा इमिटेशन ज्वेलरीचा. उमरेडच्या एका दुकानदाराने माझ्याकडे ब्रायडल सेटची ऑर्डर दिली होती, ६२ हजारांची. २५ हजार ॲडव्हान्स हातात. माल मुंबईत भुलेश्वरला तयार होता. शनिवारी जाऊन घेऊन यायचा आणि सोमवारी सकाळी त्याच्या हातात द्यायचा, असा शब्द दिला होता. ट्रेनचं तिकीट वेटिंगवर. मी म्हटलं, जाऊ दे, विमान आहे ना! आयुष्यातलं धंद्यासाठीचं पहिलं विमान. दुपारी १:५५ ला सुटणार, ३:३० ला पोचणार. मनात हिशोब केला: साडेतीनला उतरलो की साडेचारला भुलेश्वर. बाजार सातपर्यंत चालू. अडीच तास मिळतात, आरामात होईल.

विमान सुटलं २:४० ला. मुंबईवर पोचल्यावर पायलटने सांगितलं की उतरायला रांग आहे, थोडा वेळ घिरट्या माराव्या लागतील. गेटला लागलो तेव्हा साडेचार. त्यात मी बदलून घ्यायच्या खराब मालाची बॅग चेक-इन केलेली, ती पट्ट्यावर यायला आणखी अर्धा तास. सव्वापाचला टॅक्सीत बसलो. शनिवार संध्याकाळचं मुंबईचं ट्रॅफिक कसं असतं ते तुम्हाला सांगायला नको. भुलेश्वरच्या गल्लीत शिरलो तेव्हा घड्याळात ७:०५ आणि शेठच्या दुकानाचं शटर अर्धं खाली. ते म्हणाले, "भाऊ, कारीगर निकल गया, माल उसके पास है. अब सोमवार को आना." दुसऱ्या दिवशी रविवार, बाजार बंद.

दोन रात्री लॉजमध्ये काढल्या. उमरेडवाल्याने सोमवारी दुपारपर्यंत वाट पाहिली आणि इतवारीतून दुसऱ्याकडून माल उचलला. ॲडव्हान्स परत गेला. माझा माल नंतर पडेल भावात विकला. पण खरं नुकसान ते नव्हतंच. तो माणूस परत कधी माझ्या दुकानात आला नाही. शब्द गेला की गिऱ्हाईक जातं.

यात विमानाची चूक किती? खरं सांगू, पाऊण तासाच्या उशिराची तेवढी. बाकी सगळी चूक माझीच. मी "तिकिटावरचा वेळ" म्हणजेच "माझ्या प्रवासाचा वेळ" धरला होता.

आधी अंतर: हे कुठून येतं?

दोन विमानतळांमधलं अंतर म्हणून जे आकडे दिसतात ते पृथ्वीच्या गोलावरचं सरळ अंतर असतं. दोरी ताणून धरावी तसं. हे तुम्ही स्वतः काढू शकता. बीबीएला असताना गणिताला मी फार हुशार होतो असं नाही, पण एवढं शाळेतल्या भूमितीतही होतं.

नागपूरचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर विमानतळ साधारण २१.०९ उत्तर अक्षांश आणि ७९.०५ पूर्व रेखांशावर. मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज विमानतळ १९.०९ आणि ७२.८७ वर. अक्षांशातला फरक २ अंश. एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, म्हणून उत्तर-दक्षिण फरक २२२ किलोमीटर. रेखांशातला फरक ६.१८ अंश. रेखांश ध्रुवाकडे जवळ जवळ येत जातात, त्यामुळे आपल्या पट्ट्यात, २० अक्षांशाच्या आसपास, एक अंश साधारण १०४.५ किलोमीटरचा भरतो. म्हणजे पूर्व-पश्चिम फरक सुमारे ६४६ किलोमीटर. आता काटकोन त्रिकोण: २२२ चा वर्ग अधिक ६४६ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ. उत्तर येतं ६८३ किलोमीटर. एवढ्या कमी अंतराला पृथ्वी सपाट धरली तरी फारसा फरक पडत नाही. नागपूर-लंडन काढायचं असेल तर मात्र ही पद्धत चालणार नाही.

(गंमत म्हणून: रेखांशाच्या दर अंशाला सूर्य चार मिनिटं घेतो. म्हणजे मुंबईचा सूर्य नागपूरच्या मागे साधारण २५ मिनिटं आहे. घड्याळ एकच. नागपूरचा दुकानदार लवकर शटर उघडतो तो उगाच नाही!)

आता तेच अंतर रेल्वेने ८३७ किलोमीटर. समृद्धी महामार्ग नागपूर ते ठाणे जिल्ह्यातलं आमणे ७०१ किलोमीटर. बघा, समृद्धी आणि विमानाची सरळ रेषा यांत फरक किती थोडा! रस्ता खरोखरच ताणून आखलाय. रेल्वे मात्र वर्धा, बडनेरा, अकोला, भुसावळ, मनमाड करत, गावं जोडत जाते. याचा फायदा कोणाला, ते पुढे सांगतो.

तिकिटावरच्या वेळेत काय काय असतं

जेट विमान वर गेल्यावर ताशी सव्वाआठशे-साडेआठशे किलोमीटरने जातं. ६८३ ला ८३० ने भागा, ५० मिनिटंही होत नाहीत. मग तिकिटावर दीड तास किंवा १ तास ३५ मिनिटं का?

कारण तिकिटावरची वेळ उडण्याची नसते. विमान गेटवरून मागे ढकललं जातं तिथे घड्याळ सुरू होतं आणि दुसऱ्या गेटला लागतं तिथे थांबतं. याला विमानवाले ब्लॉक टाइम म्हणतात. त्यात धावपट्टीपर्यंत सरपटणं, रांग, चढताना आणि उतरतानाचा कमी वेग, उतरण्यासाठी ठरवून दिलेला वळणावळणाचा मार्ग आणि उतरल्यावर पुन्हा गेटपर्यंत सरपटणं, सगळं आलं. हवेत प्रत्यक्ष तास-सव्वा तास असता.

मुंबईची आणखी एक अडचण आहे. तिथे धावपट्ट्या दोन, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. एवढ्या मोठ्या शहराचा सगळा भार जणू एका काउंटरवर. दिवाळीत तुमच्या दुकानात एकच माणूस बिल करत असेल तर काय होतं? तेच आकाशात होतं. त्यात पावसाळ्याआधी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा धावपट्ट्या देखभालीसाठी दिवसाचे सहा तास बंद ठेवतात. तारीख आधी जाहीर होते. त्या दिवशी खरेदीला जाऊ नका, एवढंच.

वाऱ्याचाही हिशोब असतो. हिवाळ्यात वरच्या थरात पश्चिमेकडून जोराचा वारा असतो. मुंबईला जाताना तो तोंडावर येतो, परतताना पाठीवर. या अंतराला आठ-दहा मिनिटांचा फरक पडतो. धंद्याच्या दृष्टीने नगण्य, पण "जाताना जास्त वेळ का लागला" म्हणून कोणाशी भांडू नका.

अंतर कमी म्हणजे वेळ कमी, हेही दर वेळी खरं नसतं. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून एप्रिल २०२५ मध्ये मुंबईची सेवा सुरू झाली. अमरावती मुंबईला नागपूरपेक्षा जवळ, सरळ रेषेत साडेपाचशे किलोमीटरच्या आत. पण तिथे छोटं पंख्याचं एटीआर विमान लागलं, त्याचा वेग जेटपेक्षा बराच कमी, ताशी पाचशेच्या आसपास. सुरुवातीच्या वेळापत्रकात त्याला पावणेदोन तास दिलेले होते. म्हणजे सव्वाशेहून जास्त किलोमीटर कमी आणि वेळ जास्त. अमरावतीच्या माणसाला तरीही ते परवडू शकतं, कारण त्याचा नागपूरला यायचा दीडशे किलोमीटरचा फेरा वाचतो. तेव्हा तिकिटावर विमानाचा प्रकार आणि उड्डाणाचे वारही बघत जा.

घराच्या दारापासून बाजाराच्या दारापर्यंत

आता कामाची गोष्ट. मी माझ्या मागच्या तीन फेऱ्यांची वेळ मोबाइलमध्ये टिपून ठेवली. सरासरी अशी आली:

महालातून सोनेगावचा विमानतळ, ४० मिनिटं.
विमानतळावर सुटायच्या दीड तास आधी.
तिकिटावरचा वेळ, १ तास ३५ मिनिटं.
उतरून, बॅग घेऊन बाहेर पडेपर्यंत ३५ मिनिटं.
तिथून काळबादेवी, एक तास.

एकूण ५ तास २० मिनिटं. आता ६८३ भागिले ५.३३. ताशी १२८ किलोमीटर! समृद्धीवर गाडीला १२० ची परवानगी आहे. म्हणजे आठशेच्या वेगाने उडणारं विमान दारापासून दारापर्यंत मोजलं तर समृद्धीवरच्या गाडीपेक्षा जरासंच पुढे. अर्थात गाडीलाही हाच न्याय लावा. आमण्याला उतरल्यावर भिवंडी, ठाणे करत काळबादेवीला पोचायला किती वेळ जातो आणि दहा तास गाडी चालवलेल्या माणसाच्या डोक्यात भाव करायची ताकद किती उरते, तेही धरा. माल भिवंडीतून उचलायचा असेल तर मात्र समृद्धीने टेम्पो थेट दारात जातो. तिथे विमानाचा विचारच करू नका.

"दीड तास आधी कशाला, सर?" असं विचारणारे असतात. चेक-इनचं काउंटर साधारणपणे सुटायच्या तासभर आधी बंद होतं आणि गेट २५ मिनिटं आधी. बॅग टाकायची असेल तर तासाच्या आत पोचलेला माणूस उशिरा आला असंच धरलं जातं. फक्त हातातली पिशवी असेल आणि वेब चेक-इन केलेलं असेल तर थोडी ढील मिळते. मी दीड तासाखाली जात नाही, एकदा पोळलोय.

एक चांगली गोष्ट २०१९ नंतर झाली. मुंबईची भुयारी मेट्रो, ॲक्वा लाइन, ऑक्टोबर २०२५ पासून कफ परेडपर्यंत पूर्ण चालू आहे. विमानतळाच्या दोन्ही टर्मिनलला स्टेशन आहे आणि काळबादेवीलाही आहे! ज्या रस्त्यावर माझे पावणेदोन तास गेले, तो टप्पा आता पाऊण तासात, घाम न गाळता होतो. चालणं आणि जिने धरून मी वर एक तास लिहिलाय. तेव्हा ही मेट्रो असती तर उमरेडचं गिऱ्हाईक आज माझं असतं. असो.

आणि एक सावधानता. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरूनही विमानं सुरू झाली आहेत. बुकिंग करताना "मुंबई" टाकलं की दोन्ही दिसू शकतात. जुन्याचा कोड बीओएम, नव्याचा एनएमआय. उलव्याला उतरून काळबादेवी गाठायचं म्हणजे अटल सेतूवरून टॅक्सी आणि वेगळंच बिल. वाशीच्या मार्केटला काम असेल तर उलट तोच सोयीचा. स्वस्त दिसलं म्हणून डोळे मिटून बटण दाबू नका.

पण तास मोजायचे कुठले?

इथे माझी आणि बॅचची दर वेळी वादावादी होते. सगळे प्रवासाचे तास मोजतात. विमान पाच, ट्रेन चौदा, नऊ तास वाचले! मी म्हणतो, ते नऊ तास कुठले होते ते बघा. तुमचं दुकान चालू असण्याचे होते की झोपेचे?

दुरांतो नागपूरहून रात्री पावणेनऊच्या सुमाराला सुटते, सकाळी आठच्या आसपास सीएसएमटी. भुलेश्वरचा बाजार अकराशिवाय तोंड उघडत नाही. तुमच्याकडे आंघोळ, नाश्ता करून काळबादेवीपर्यंत पायी जायलाही वेळ उरतो. आता सकाळचं पहिलं विमान धरा. सहा-साडेसहाचं उड्डाण, म्हणजे घरातून चार-सव्वाचारला निघायचं, म्हणजे तीनला उठायचं, म्हणजे रात्रभर झोप नाहीच. आणि पोचाल साडेनऊला. मग काय करणार? बंद शटरसमोर कटिंग चहा. ट्रेनवाला पण तिथेच उभा असतो, फक्त तो झोपून आलेला असतो.

परतताना बघा. रात्री नऊच्या विमानासाठी बाजार सहाला सोडावा लागतो. विदर्भ एक्सप्रेस सीएसएमटीहून संध्याकाळी सातच्या सुमाराला सुटते, तिच्यासाठीही बाजार सहालाच सोडायचा. ती सकाळी नऊच्या आसपास नागपुरात आणि दुकान उघडतं अकराला. (वेळापत्रकं बदलत असतात, निघण्याआधी रेल्वेच्या ॲपवर बघून घ्या.)

म्हणजे बाजारात मिळालेले तास दोन्हीकडे सात. दुकान बंद राहिलं दोन्हीकडे एक दिवस. ट्रेनवाल्याने आदल्या संध्याकाळी दीड तास लवकर शटर ओढलं, एवढाच फरक.

या दीड तासाची किंमत किती? इथे नवीन लोक हमखास चूक करतात, विक्री धरतात. विक्री नाही, मार्जिन धरायचं. समजा महिन्याचं मार्जिन, भाडं-पगार द्यायच्या आधीचं, ७८ हजार. दुकान २६ दिवस चालू. दिवसाला ३ हजार, दहा तासांच्या हिशोबाने तासाला ३००. दीड तासाचे झाले ४५० रुपये. त्यातही नेहमीचं गिऱ्हाईक उद्या येतंच.

आता खर्च. माझ्या मागच्या विमान फेरीत जाणं-येणं तिकिटं ९,४०० आणि दोन्हीकडचं विमानतळापर्यंतचं भाडं ९०० मिळून १०,३०० रुपये गेले. ट्रेनच्या फेरीत थर्ड एसीने जाणं-येणं ३,३०० आणि बाकी किरकोळ ४००, म्हणजे ३,७००. फरक ६,६०० रुपये. साडेचारशेचे तास वाचवायला साडेसहा हजार!

हाच खर्च मालावर बसवून बघा. दीड लाखाची खरेदी असेल तर विमानाने मालावर जवळजवळ ६.९ टक्के बोजा पडतो, ट्रेनने २.५ टक्के. खरेदी फक्त ५० हजारांची असेल तर विमानाचा बोजा २० टक्क्यांच्या वर जातो. म्हणजे शंभराचा सेट तुम्ही दुकानात आणला तोच एकशेवीसला. बाजूच्या दुकानदाराने तो ट्रेनने आणला असेल, तर तुम्ही त्याच्याशी भावात कसे टिकणार?

मी विमानाच्या विरोधात नाही. मी वर्षातून तीन-चार वेळा जातोच. पण कधी? जेव्हा माल आधीच ठरलेला असतो आणि सीझन तेजीत असतो. लग्नसराईत माझं एका दिवसाचं मार्जिन नेहमीच्या तिप्पट असतं आणि त्यातलं अर्ध्याहून जास्त संध्याकाळी सात ते साडेनऊ या अडीच तासांत येतं. अशा वेळी सकाळच्या विमानाने जायचं, बाजार उघडताच पॅक करून ठेवलेला माल उचलायचा, दुपारच्या विमानाने सातच्या आत दुकानात. ही गोष्ट ट्रेन करू शकत नाही. चार-साडेचार हजार वाचतात आणि मुख्य म्हणजे गिऱ्हाईकाला "उद्या या" म्हणावं लागत नाही. हिंडून नवीन डिझाइन शोधायचं असेल, दहा दुकानं पालथी घालायची असतील, तेव्हा मात्र मी गुपचूप दुरांतोत चादर ओढून झोपतो.

कोलकात्याचं गणित वेगळं. नागपूर-हावडा रेल्वेने ११३१ किलोमीटर, गाडीला सोळा-अठरा तास. रात्रीच्या झोपेत ते मावत नाही. जाताना आणि येताना दिवस खातंच. सरळ रेषेत हजाराच्या थोडं आत. तिथे विमान अख्खा दिवस, कधी दोन दिवस वाचवतं. म्हणून प्रश्न "विमान की ट्रेन" असा विचारूच नका. ट्रेनचा प्रवास एका रात्रीत बसतो का, ते आधी बघा.

वजन विसरू नका

देशांतर्गत इकॉनॉमी तिकिटावर साधारण १५ किलोची बॅग आणि हातात ७ किलो. त्यावर किलोमागे पैसे, तेही विमानतळावर भरले तर जास्त. आमच्या धंद्यात १५ किलोत बऱ्यापैकी माल बसतो. नथी, मंगळसूत्रं, कानातले हलके असतात. पितळी भांडी, पर्स, चादरी विकणाऱ्याचं १५ किलोत काय होणार? मग माल शेवटी ट्रान्सपोर्टनेच येतो आणि बिल्टी हातात घेऊन तुम्ही रिकाम्या हाताने विमानात बसता. अशा वेळी मी विचारतो, मग तुम्ही गेलाच कशाला? ओळखीचा व्यापारी असेल तर व्हिडिओ कॉलवर माल बघा, सॅम्पल कुरिअरने मागवा.

यावरून आठवलं. आपल्या नागपूरची यात मोठी परंपरा आहे. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कोलकाता, मद्रास, चारही शहरांतून रात्री विमानं सुटायची आणि सगळी मध्यरात्री नागपूरला जमायची. इथे टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत विमानं आपापल्या शहरात परत. मुंबईत संध्याकाळी टाकलेलं पत्र सकाळी कोलकात्यात. चारही शहरांपासून अंतर रात्रीत बसेल असं एकच ठिकाण होतं, आपलं. ती सेवा १९७३ पर्यंत चालली. झोपेच्या वेळात वाहतूक उरकून घ्यायची, ही अक्कल आपल्या गावाला तेव्हापासून आहे बाप्पा!

दोन छोट्या गोष्टी सांगून टाकतो. तिकीट काढताना फर्मचा जीएसटी नंबर टाका. धंद्याच्या प्रवासावरचा कर परत क्रेडिट घेता येतो, इकॉनॉमीला ५ टक्के असतो. कंपोझिशनवाल्यांना हे लागू नाही. दुसरं, ब्लॉक टाइम हा शब्द लक्षात ठेवा, कारण नुकसानभरपाई त्यावर ठरते. डीजीसीएच्या नियमात अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तासांहून जास्त उशीर झाला तर खाणंपिणं देणं कंपनीला बंधनकारक आहे. आधी न कळवता उड्डाण रद्द केलं आणि कारण कंपनीच्या हातातलं असेल, तर एक ते दोन तासांच्या उड्डाणाला ७,५०० रुपये किंवा मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यात जे कमी असेल ते मिळतं. मागावं मात्र आपणच लागतं. मी २०१९ ला काहीच मागितलं नाही, माहीतच नव्हतं.

आता वर्ध्याच्या ताई. त्यांना मी फळ्यासमोर बोलावलं आणि त्यांच्याकडूनच हिशोब करून घेतला. वर्ध्याहून नागपूरचा विमानतळ ७५ किलोमीटरच्या आसपास, आणि तोही मुंबईच्या उलट दिशेला! म्हणजे मुंबईला जायला आधी पूर्वेकडे पावणेदोन तास. माझे ५ तास २० मिनिटं त्यांच्यासाठी साडेसहाच्या आसपास गेले. परत रात्री साडेदहाला नागपुरात उतरून वर्धा गाठायचं, एकटीने, गाडी ठरवून. तिचं भाडं वेगळं. आणि विदर्भ एक्सप्रेस? ती वर्ध्याला थांबते. त्यांच्या घरापासून स्टेशन रिक्षाने दहा मिनिटं.

त्यांनी खडू खाली ठेवला आणि म्हणाल्या, "सर, पण मला एकदा विमानात बसायचंय हो."

आख्खी बॅच हसली. मी म्हटलं, ताई, जरूर बसा. पण ते बिल दुकानाच्या वहीत लिहू नका, घरखर्चाच्या वहीत लिहा. त्यांनी पहिली खरेदी ६० हजारांची ठरवली आहे. जातायेता विदर्भ एक्सप्रेस, पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी. काळबादेवी, भुलेश्वरच्या कुठल्या गल्लीत काय मिळतं, याची यादी मी त्यांना करून देतोय. तोच पुढचा व्हिडिओ असेल.